पालेभाजीचं पाणी

आमच्या फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला आहे. कोपरे आता मळकट झालेत, एका बाजूला हळदीचं बोट उमटलंय, ते माझंच. डावीकडे काय खायचं ते, उजवीकडे काय खायचं नाही ते. उजवीकडची यादी लांब आहे आणि तिच्यात अगदी वर, खाली दोन रेघा मारून लिहिलंय, ‘हरी पत्तेदार सब्ज़ियाँ’. कागद घरी आणला त्या दिवशी मी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हे सगळं मी हॉस्पिटलात उभ्यानं ऐकलं होतं. बसले ती घरी आल्यावर, त्या एका ओळीनं.

हसू येईल कुणाला. पण माझी सगळी हयात ह्या दिल्लीत पाला शिजवण्यात गेली, त्याला मी काय करू?

लग्न होऊन आले ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, घर तळमजल्याचं, मागे नळाशी हातभर ओली जमीन. तिथे मी अळू लावलं. भाजी घ्यायला गाड्यावर गेले तर तो भैया मुळ्याचा पाला मुरगाळून खाली टाकतोय, फ्लॉवरची कोवळी पानं तोडून टाकतोय, नवलकोलाची तर सगळीच. माझा जीव कासावीस झाला. म्हटलं, “भैया, पत्ते मत फेंको, मुझे दे दो.”

“क्यों भाभीजी, गाय बाँध रखी है क्या घर में?”

मी म्हटलं, “हाँ, दफ़्तर जाती है.”

हे घरी आल्यावर सांगितलं तर हसून लोळले. त्या दिवसापासून जेवायला बसताना विचारायचे, “आज कुठलं झाड ओरबाडलंस?” आणि मीही सांगायची. मुळ्याच्या पाल्याला डाळीचं पीठ पेरलेलं. फ्लॉवरची पानं बारीक चिरून, कोथिंबीरवडीसारख्या उकडून तळलेल्या वड्या. गाजराचा पाला थालीपिठात. इथला बथुआ म्हणजे आपला चाकवतच की, हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला; कळल्यावर मात्र ताकातला चाकवत शेजारच्या पंजाबी बाईच्या घरी वाटी वाटी जायला लागला. सोया म्हणजे शेपू. चुका मिळत नाही म्हणून पालकात कैरी किसून घालायची. चण्याचा साग, म्हणजे हरभऱ्याचा पाला, विकायला यायचा; मी त्याला ज्वारीचं पीठ लावून आंबट पळीवाढी भाजी करायची. कुणी शिकवलं नाही. पुस्तक नव्हतं, फोन नव्हता, आईला पत्र टाकून विचारावं तर उत्तर येईपर्यंत भाजी सुकायची. हातात पान घ्यायचं, चुरगाळायचं, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचं. मग ते स्वतःच सांगतं त्याला काय हवंय ते, लसूण की चिंच की नुसतंच तूप.

आणि एक गोष्ट आईची. पालेभाजी उकडली तर पाणी टाकायचं नाही. त्या पाण्यात सगळा कस उतरलेला असतो, असं ती म्हणायची. आमटीत घाल, सारात घाल, काही नाही तर कणीक भिजव. क्वार्टरमध्ये नळाला पाणी सकाळी तासभर यायचं, त्यामुळे ही सवय आणखीच घट्ट झाली. मी कधी ठरवून केलं नाही ते. पातेल्यावर चाळण, चाळणीत पाला, खाली पाणी, पाणी परातीत. जसा पदर खोचतो तसं.

तर हे सगळं त्या कागदानं बंद केलं.

आता आम्ही फरीदाबादला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो. मुलगा कामासाठी आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरगावी. सून पुण्याची, गुडगावच्या कंपनीत. काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरूनच लॅपटॉपवर. ह्यांना डायलिसिसला न्यायचं काम माझं. सकाळी आंघोळ, डबा, फाइल, स्वेटर उन्हाळ्यातही, कारण तिथे एसीत ह्यांना हुडहुडी भरते. मग ई-रिक्षा. चार तास बाहेरच्या लोखंडी खुर्चीत बसायचं. मग पुन्हा ई-रिक्षा, पण आता ह्यांना धरून, कारण उतरताना चक्कर येते. दुसऱ्या दिवशी हे झोपून आणि मी उरलेली कामं ओढत. तिसऱ्या दिवशी पुन्हा आंघोळ, डबा, फाइल. लोक विचारतात, “कसे आहेत?” मी म्हणते, “ठीक.” मला कुणी विचारलं तरीही मी “ठीक”च म्हणते, कारण दुसरं काही म्हणायचं तर बसून सांगावं लागेल, आणि तेवढा दम कुणात आहे? माझ्यात तर नाही.

जेवण म्हणाल तर भात, फुलके, दुधी, पडवळ, अंड्यातलं पांढरं. मीठ चिमटीत. पाणीसुद्धा मोजून, एक बाटली सकाळी भरून ठेवायची, दिवसभरात तेवढंच. हे काही म्हणायचे नाहीत. पण झाड ओरबाडण्याचा प्रश्न बंद झाला. ताटाकडे न बघता जेवायचे, आणि मग हळूहळू जेवायचेही कमी. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, मग सून म्हणाली, “बाबा, आता नाडीचेच पायजमे घ्या.”

उन्हाळ्यात डायलिसिसवाल्या डाएटच्या मॅडमना मी म्हटलं, “मॅडम, ये कुछ खाते नहीं. एकाध पत्ता भी नहीं चलेगा?”

मॅडम तरुण, पण बोलायला गोड. म्हणाल्या, “आंटीजी, रिपोर्ट ठीक चल रही है, तो हफ़्ते में एक बार, थोड़ा-सा. लेकिन कैसे? बारीक काटिए, ढेर सारे पानी में उबालिए, निचोड़िए, फिर बनाइए. पोटैशियम पानी में निकल जाता है.”

मी मान हलवली. त्यांनी कागदावर लिहून दिलं, मी घडी करून पर्समध्ये ठेवलं. सगळं ऐकलं, शपथेवर सांगते. ‘पानी में निकल जाता है’ हेही ऐकलं. पण माझ्या कानाला एवढंच लागलं की पाला चालेल.

त्या दिवशी मी येताना माठ घेतला. घरी येऊन बारीक चिरला, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकडला, घट्ट पिळला. पिळून उरला तो केवढासा, लिंबाएवढा गोळा. त्याला लसणीची फोडणी. ताटात वाढल्यावर ह्यांनी मान वर केली.

“हे काय?”

“परवानगी आहे.”

“कुणाची?”

“मॅडमची. लेखी आहे.”

“आज कुठलं झाड ओरबाडलंस, तेही लेखी आहे का?”

मी ओट्याकडे वळून उभी राहिले, कारण चेहरा दाखवायचा नव्हता. त्या दिवशी ह्यांनी तीन फुलके खाल्ले. म्हणाले, “फुलकेसुद्धा आज चवदार झालेत.”

झालेच असणार.

मग काय झालं ते सांगते. आठवड्यातून एकदाचं दोनदा झालं. मी मनाशी म्हटलं, एवढं पिळून देतेय, त्यात काय राहतंय? हे जेवत होते, चेहरा जरा भरला होता, मला वाटलं मी जिंकले. आणि एका मंगळवारी डायलिसिसला उतरताना ह्यांचे पाय ई-रिक्षाच्या पायरीवरच अडले. वर येईनात, खाली जाईनात. म्हणाले, “अगं, पाय माझे नाहीतसे झालेत.” आत नेलं, धावपळ झाली, छातीला तारा लावल्या. डॉक्टर म्हणाले पोटॅशियम फार वाढलंय, थोडा उशीर झाला असता तर हृदय बंद पडू शकलं असतं. हिंदीत म्हणाले, सरळ, फाइलवर लिहिता लिहिता.

मॅडम आल्या. “आंटीजी, क्या खिलाया? केला? नारियल पानी?”

“कुछ नहीं. सब काग़ज़ के हिसाब से.”

“पत्ते उबाल के?”

“उबाल के, निचोड़ के. भगवान की क़सम.”

आणि मी खोटं बोलत नव्हते हो. हेच तर वाईट आहे. मला खरंच वाटत होतं की मी सगळं नीट केलंय. चार तासांच्या जागी सहा तास बसले त्या खुर्चीत आणि आठवत राहिले, काय चुकलं, काय चुकलं. दुधी? तांदूळ? मिठाच्या डब्यात काही मिसळलं का? एवढं आठवलं, पण परात काही आठवली नाही.

त्या रविवारी सून लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच बसली. म्हणाली, “आई, मला एक प्रेझेंटेशन संपवायचंय, इथे वारा चांगला येतो.” वारा कसला, आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एवढीशी. माझ्यावर लक्ष ठेवायला बसली होती, हे मला कळलं आणि तिला कळलं की मला कळलंय. तिच्या जागी मी असते तर मीही बसले असते. त्या दिवशी बाजारात लाल माठ मिळाला होता. ह्यांच्यासाठी नव्हता तो, मंगळवारनंतर ह्यांचा पाला पुन्हा बंद होता. आमच्या दोघींसाठी उकडला. चाळणीत उपसला. कणीक घेतली. सून मान खाली घालून टाइप करत होती. मग टाइप करणं थांबलं.

“आई, कणीक गुलाबी कशी?”

“माठाचं पाणी गं,” मी म्हटलं. किती सहज म्हटलं. जसं कुणी विचारावं की बाहेर ऊन आहे का, आणि आपण म्हणावं हो.

हात परातीत होते, मनगटापर्यंत गुलाबी. कुकरची शिट्टी झाली, ती बंद करायला दोघींपैकी कुणीच हललं नाही. शेवटी तीच उठली, गॅस बंद केला, आणि हळू आवाजात म्हणाली, “बाबांचे फुलके पण ह्याच कणकेचे असतात ना?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या सासूबाई असत्या तर परात उचलून बाहेर टाकली असती आणि चाळीस घरांना ऐकू जाईल असं बोलल्या असत्या, मग दोन दिवसांनी विषय संपला असता. ही सून गुणाची. तिनं माझे हात नळाखाली धरले, साबण लावला, लहान मुलाचे धुवावेत तसे धुतले. म्हणाली, “तुम्ही मुद्दाम नाही केलं, आई.” मी म्हटलं, “मला माहीत आहे.” पण त्याचा काय उपयोग? मुद्दाम करणाऱ्याला निदान थांबता येतं. मी पाला पिळून त्यातलं विष बाजूला काढत होते आणि तेच पाणी ह्यांना फुलक्यातून परत खाऊ घालत होते. महिनाभर. आणि हे म्हणत होते, चवदार.

संध्याकाळी तिनं ह्यांना आणि फोनवरून मुलाला सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, “म्हणजे शिक्षा माझ्या जिभेला.” एवढंच. मुलगा म्हणाला, डबा लावू. किडनीच्या पेशंटसाठी वेगळा डबा मिळतो म्हणे, मोजून मापून, वर चिठ्ठी असते. सून म्हणाली, “आई, थोडे दिवस. तुम्हालाही आराम.”

खरं सांगू? मला बरं वाटलं. कुणाला सांगायचं नाही असं आहे हे, पण आता ह्या वयात काय लपवायचं. आठ दिवस मी स्वयंपाकघरात ह्यांच्यासाठी पाऊल टाकलं नाही. डबा यायचा, सून नाहीतर मी उघडायची, ताटात ओतायची. माझ्या डोक्यावरून कुणी तरी धान्याचं पोतं उतरवावं तसं झालं होतं. दुपारी मी चक्क झोपायची. कुणी मला सांगितलं असतं की आता कायमचं असंच, तर मी हो म्हटलं असतं.

पण हे जेवेनात. पहिल्या दिवशी अर्धं, मग पाव, मग नुसता भात चिवडायचे. मी म्हटलं, “अहो, चांगलं आहे, स्वच्छ आहे.” म्हणाले, “हो, स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ की काहीच नाही.” मग डायलिसिसच्या वजनकाट्यावर दर वेळी आकडा खाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, अंगात ताकद राहिली नाही तर मशीन झेपणार नाही. कसंही करून खाऊ घाला. मी फाइल छातीशी धरून उभी. खाऊ घातलं तर तसं, नाही घातलं तर असं. मला त्या क्षणी इतकं थकल्यासारखं झालं की तिथेच, फरशीवर, बसावंसं वाटलं.

घरी आले. ह्यांना झोपवलं. गॅलरीत जाऊन हळदीच्या कुंडीला पाणी घातलं. ती हळद कुणी लावली नव्हती तशी. गेल्या वर्षी लोणच्याला आणलेल्या ओल्या हळदीतला एक तुकडा टोपलीत मागे राहून कोंब फुटलेला, तो मी कुंडीत खोचला होता. आता पानं हाताहाताएवढी झाली होती. कुंडीला पाणी कसलं घातलं विचाराल, तर तांदूळ धुतल्याचं. सवय जाते कुठे? परातीत नाही तर कुंडीत. पाणी घालताना कोपर पानाला लागलं आणि वास आला.

तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. कच्च्या हळदीचा नाही, त्याहून हिरवा, आल्याजवळून जाणारा. मी तशीच उभी राहिले आणि डोक्यात एकच गोष्ट आली: पानगी. तांदळाचं पीठ कालवून पानावर थापायचं, वरून दुसरं पान, तव्यावर दोन्हीकडून भाजायचं. पान करपतं, वास पिठात शिरतो. आणि मग पान सोलून टाकून देतात! पान कुणी खात नाही!

आयुष्यभर मी पान खाण्यासाठी धडपडले, आणि टाकून द्यायची पानं विसरले होते.

पण आता माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पुढच्या डायलिसिसला मी एक पान पिशवीत घालून नेलं. मॅडमना म्हटलं, “मॅडम, ये पत्ता खाना नहीं है. सिर्फ़ लपेटना है. फिर फेंक देना है.”

त्यांनी पान हातात घेतलं, वास घेतला. “ये क्या है?”

“हल्दी.”

“और अंदर?”

“चावल का आटा. अंडे का सफ़ेद भी डाल दूँ क्या? आप बोलती हैं न, प्रोटीन.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रागावणार. पण हसल्या. “डालिए. लेकिन पत्ता फेंकिएगा, आंटीजी. और पानी सादा, नल का. अपनी बहू के सामने बनाइए.”

“बहू के सामने ही बनाऊँगी,” मी म्हटलं. कान गरम झाले. पण बोलल्या ते बरोबरच होतं.

पानगीत अंडं! माझ्या सासूबाई वरून बघत असतील तर बघोत. दोन अंड्यांचं पांढरं फेटलं, तांदळाचं पीठ, चिमटीत मीठ, पाणी ह्यांच्या बाटलीतलंच, मोजून. सून समोर उभी. मी एकेक गोष्ट तिला दाखवून घालत होते, जादूगार रिकामा हात दाखवतो तशी. ती म्हणाली, “आई, एवढं नका दाखवू.” मी म्हटलं, “बघ तू. मला हवंय.” पान पुसलं, पीठ थापलं, वर पान, तव्यावर ठेवलं. पान चुरचुरायला लागलं, कडा काळ्या झाल्या, वास पसरला. आतल्या खोलीतून आवाज आला.

“अगं, काय चाललंय?”

मी ताट घेऊन गेले. पानासकट ठेवलं. हे उठून बसले, उशी पाठीशी घेतली, वरचं पान हळूच सोललं. आत पांढऱ्या पानगीवर पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या होत्या. ह्यांनी ते जळकं पान नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मला वाटलं, खातात की काय. मी हात पुढे केला.

“थांब, खात नाही,” म्हणाले. “वासाला पोटॅशियम असतं का?”

“नाही.”

“विचारलंस?”

“विचारलं.”

दोन पानग्या खाल्ल्या. तिसरी अर्धी. सून दारात उभी होती, ती वळून आत गेली आणि तिनं नळ जोरात सोडला, भांडी घासल्यासारखा.

डबा लगेच बंद झाला नाही. दुपारी डबा, संध्याकाळी माझं, असं चाललं. मग हळूहळू मी टाकून द्यायची पानं शोधायला लागले. सोसायटीच्या बागेतल्या लिंबाच्या झाडाची दोन पानं भाताच्या आधणात, शिजल्यावर काढायची. कढीपत्ता तेलात टाकून, चुरचुरला की झाऱ्यानं बाहेर, मग तेलात दुधी. देवळापाशी फुलवाल्याकडे केळीचं पान मिळतं, त्यात पनीरचा छोटा तुकडा लसूण लावून बांधून वाफवायचा. तमालपत्र तर काय, ते जन्मतःच टाकून द्यायचं. सिंकशेजारच्या डब्यात रोज जळकी, उकडलेली, मुरगळलेली पानं. सगळं काही ह्यांना आवडतं असं नाही. लिंबाच्या पानांचा भात खाऊन म्हणाले, “साबणानं धुतलास का?” तो पुन्हा केला नाही. पण विचारायला लागले पुन्हा. आज कुठलं झाड?

काटा खाली जायचा थांबला. वर गेला नाही, पण थांबला. डॉक्टर म्हणाले, ठीक. मीही म्हटलं, ठीक.

थंडी पडली तशी हळद पिवळी पडायला लागली. तिचं ते तसंच असतं, पानं झोपतात, कंद जमिनीत राहतो. शेवटची बरी पानं मी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलीत, वर सुनेनं चिठ्ठी लावली: ‘पानं. टाकू नये.’ दहा-बारा असतील. मार्च येईपर्यंत पुरवायची आहेत, रोज नाही वापरत.

रिपोर्ट बरा आहे म्हणून मॅडमनी पुन्हा पालेभाजी सुरू केली. हफ़्ते में एक बार, थोड़ा-सा. बाजारात मेथीच्या जुड्या आल्यात, बथुआ आलाय. आठवड्यातला तो दिवस सुनेनं घरून कामाचा ठेवलेला असतो. मी पाला चिरते, उकडते, आणि पाणी टाकेपर्यंत ती ओट्याशी उभी राहते, फोनकडे बघत, जणू सहज. सुरुवातीला हे पाणी मी गॅलरीत नेऊन हळदीच्या कुंडीत घालायची, थंड करून. पण आता कुंडी कोरडी ठेवायची, नाहीतर कंद कुजेल. त्यामुळे पाणी सिंकमध्येच. आईनं बघितलं असतं तर तिला काय वाटलं असतं, कोण जाणे.

गेल्या आठवड्यात त्या दिवशी सुनेला ऑफिसचा फोन आला, अचानक जावं लागलं. मेथी गॅसवर होती, उकळत होती. ती बॅग खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात आली. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं म्हणेल, आई, आज राहू दे. किंवा म्हणेल, पाणी टाका हं. ती म्हणाली, “आई, मी निघते. बाबांना सांगा.” आणि गेली. लिफ्टचं दार वाजलं.

घरात आम्ही दोघं. गॅस बंद केला. चाळण पातेल्यावर धरली, मेथी उपसली. खाली पाणी, हिरवंगार, वाफाळतं. सगळा कस त्यात. माझे खांदे दुखत होते, आदल्या दिवशी डायलिसिस होतं. समोर परात होती, तिच्यात पीठ आधीच घेतलेलं. आणि हात, काय सांगू तुम्हाला, इतकं सगळं होऊनही, हात आधी परातीकडेच वळला. पातेलं थोडं कललंसुद्धा.

आतून आवाज आला, “ओतलंस का?”

मी पातेलं सरळ केलं. सिंकपाशी गेले आणि ओतलं. सगळं. भांडं उपडं करून धरलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

“ओतलं,” मी म्हटलं.

“मोठ्यानं सांग.”

“ओतलं हो!”

मग नळाचं सादं पाणी घेतलं, कणीक भिजवली, आणि मळायच्या आधी जरा स्टुलावर बसले.